शेजारचा श्वास

फोनवर 'हॅलो' म्हणायची आमच्यात पद्धत नव्हती. वसईहून इनासभाऊंचा नंबर दिसला की मी घसा साफ करून खालचा 'आ...' लावायचो आणि तिकडून ते त्यात आपला 'आ...' मिसळायचे. दोघांपैकी एकाला खोकला आला की मग बोलणं सुरू. दीड महिन्यापूर्वी दुपारी तो नंबर दिसला, तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात उभा राहून चांगला लांबलचक सूर लावला. पलीकडून कुणी मिसळेना. हरले म्हातारबुवा, असं वाटून मी आणखी जोर केला. शेवटी त्यांची मुलगी हळूच म्हणाली, "काका, पप्पा सकाळी गेले." त्यावर मी काय बोललो ते आठवत नाही. सुरात नव्हतं, एवढं नक्की.

इनास मच्याडो आणि मी सौदी अरेबियात धाहरानला एका तेल कंपनीत होतो. ते ड्रॉइंग ऑफिसात, मी हिशेबखात्यात. कंपनीच्या वसाहतीत एक हौशी वाद्यवृंद होता आणि त्याच्यामागे उभं राहून गाणारा कोरस. कोरस खरं तर वाद्यवृंदाहून जुना. आधी दोनचार गोऱ्या बायका कुणाच्या तरी दिवाणखान्यात पियानोभोवती जमून गायच्या. मग त्यांचे नवरे ओढले गेले, मग दवाखान्यातल्या नर्सेस, फिलिपिनो टेक्निशियन आले, आणि खुर्च्या पुरेनात तेव्हा मंडळी हॉलमध्ये गेली. सगळं कुंपणाच्या आत. गाणं फाटकाबाहेर न्यायचं नाही, हे कुणाला सांगावं लागत नसे. इनासभाऊ वसईच्या चर्चमध्ये गात वाढलेले. आमच्याकडे दारं-खिडक्या लावून चाललेल्या आरतीला ते आले आणि जाताना म्हणाले, "करंदीकर, तुझा आवाज विहिरीत पडलेल्या बादलीसारखा आहे. वर काढू नको. आम्हाला तळाशीच माणूस हवाय." अशा रीतीने माझा पाश्चात्त्य संगीतात प्रवेश झाला.

कोरसमध्ये त्यांनी मला शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे शेजाऱ्याचा श्वास ऐकणं. लांब सूर असेल तर सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. शेजारचा घेत असेल तेव्हा आपण धरून ठेवायचं, तो परत आला की आपण घ्यायचा. ऐकणाऱ्याला वाटतं, ही माणसं श्वास घेतच नाहीत. मी नेमका त्यांच्याबरोबरच घ्यायचो. मग मला धडा म्हणून ते मुद्दाम उशिरा परत यायचे आणि मी लालबुंद होऊन त्यांची वाट बघायचो.

इराकने कुवेत घेतलं आणि कोरस वरून विरायला लागला. बायका-मुलांना आधी पाठवलं, म्हणजे वरचे आवाज गेले, मग मधले. जानेवारीत क्षेपणास्त्रं यायला लागली तेव्हा खालच्या रांगेत आम्ही दोघंच उरलो होतो. माझी बायको शुभा आठव्या महिन्यात होती. "तुम्हाला सोडून जात नाही," असं म्हणत राहिली आणि तेवढ्यात विमानं बंद झाली. मी दिवसभर रेडिओला कान लावून असायचो आणि तिला सांगायचो, काही होत नाही. पण रात्रीही रेडिओ माझ्या उशाशी असायचा, ते तिला दिसत होतंच.

हॉल बंद, म्हणून एका संध्याकाळी सराव आमच्याकडे होता. सायरन झाला. क्षेपणास्त्रातून विषारी वायू येईल या भीतीने बेडरूमच्या खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या होत्या. दाराखाली ओला टॉवेल कोंबून आम्ही तिघं जमिनीवर बसलो. कंपनीने वाटलेले गॅस-मास्क चढवण्याआधी इनासभाऊ म्हणाले, "वहिनी, आम्ही सूर धरतो. तुम्ही फक्त ऐकत राहा. सूर चालू आहे तोवर सगळं ठीक." त्यांनी सूर लावला, मास्कमधून तो पिंपातून आल्यासारखा येत होता. त्यांचा दम संपला, मी धरला. आता ते परत येणार... पण येईनात. लांब कुठेतरी धडाम झालं, तावदानं थरथरली. मला वाटलं, या प्रसंगीही माणूस माझी परीक्षा घेतोय. मी इरेला पेटून गात राहिलो.

तेवढ्यात शुभा पोट सावरत गुडघ्यांवर सरकत गेली आणि तिने दोन्ही हातांनी त्यांचा मास्क ओढून काढला. मी माझ्या मास्कच्या आतून ओरडलो. हवेत काय सोडलंय ते कुणाला ठाऊक होतं? त्यांचा चेहरा काळानिळा पडला होता. त्यांनी मोठ्याने श्वास आत ओढला, आणि त्या श्वासाने त्यांचं काय होतंय ते बघत आम्ही दोघं थिजून बसलो. काही झालं नाही. दुसरा घेतला. तिसरा. मग त्यांनी मास्क उलटा करून दाखवला: फिल्टरच्या डब्याचं रबरी बूच काढायचंच राहिलं होतं. सोडलेला श्वास झडपेतून बाहेर जात होता, आत काहीच येत नव्हतं. बोलता यायला लागल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "करंदीकर, एवढा दम आजवर कुठे लपवला होतास?"

गेल्या महिन्यात आम्ही वसईला त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या खोलीच्या खिडक्यांना झडपाच नव्हत्या. "इथे आल्याबरोबर बिजागऱ्यांसकट काढल्या पप्पांनी," मुलगी म्हणाली. "पाऊस आला की पलंग सरकवायचे, पण बंद करू द्यायचे नाहीत." ती चहा आणायला आत गेली. आम्ही त्या पलंगावर बसून होतो. बाहेरून केळीच्या पानांचा आवाज येत होता. इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते मी शुभाला विचारलं.

"हवेत विष असतं तर? मास्क ओढताना भीती नाही वाटली?"

"वाटली ना," ती म्हणाली. "पण विषाची नाही. तुम्ही एकटेच गात होतात, त्याची."