रिफामधून इंग्लंडात एक मत

घरकाम करणाऱ्या बाईकडे न मागता दोन गोष्टी साठतात. मालकिणीच्या जुन्या पर्सा आणि किस्से. पर्सा मी गावी पाठवते. किस्से कुणाला पाठवू?

शुक्रवारी आम्ही रत्नागिरीकडच्या पाच-सहा बायका बाब अल बहरीनच्या वेशीमागच्या गल्लीत हमीदाच्या खोलीवर जमतो. कुणी मालकिणीच्या सोन्याचं सांगते, कुणी अरबाच्या घरच्या लग्नाचं. माझी पाळी आली की हमीदा आधीच हात जोडते. "जुबेदाआपा, तुझं इलेक्शन सोडून काय तरी सांग गो!"

पण माझ्याकडे दुसरं नाहीच, त्याला मी काय करू?

चौदा वर्षं झाली, मी बहरीनमध्ये रिफाला हॅरी साहेबांच्या व्हिलात स्वयंपाकाला आहे. साहेब इंग्रज. इंजिनीअर म्हणून आले, रिटायर झाले, इथेच राहिले. आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना एकच वेड. इंग्लंडात त्यांच्या गावच्या मतदारसंघात पहिल्यापासून आजपर्यंत कोण उभा राहिला, कोण पडला, कितीने पडला, याचा इतिहास लिहायचा. आणि इच्छाही एकच. मरायच्या आधी तिथल्या पेटीत आपलं एक मत पडावं, लाल पार्टीला. कारण देश सोडून पंधरा वर्षं झाली की तिकडे मताचा हक्क जायचा, आणि साहेबांचा कधीचाच गेला होता.

मी चौथी शिकलेली. मला हे सगळं अजून नीट कळलेलं नाही. जेवढं कळलं तेवढं लिहिते. शंका असेल तर साहेबांना विचारा. दोन तास जातील!

*

कामाला लागले त्या दिवसाची गोष्ट. साहेबांच्या बायकोने, मार्गरेट मॅडमनी, विचारलं, मासे येतात का, बिर्याणी येते का. सगळं "यस मॅडम" झालं. मग साहेब चष्मा पुसत बाहेर आले.

"गाव कुठलं?"

"रत्नागिरी, साहेब."

"तिथे मागच्या खेपेला कोण निवडून आलं?"

मला वाटलं, झालं! पोलिसांची चौकशी आहे. व्हिसा जातो आता. मी सरळ सांगितलं, "साहेब, मला काय ठाऊक? त्या दिवशी मी बंदरावर मासे विकत होते."

साहेबांनी मान डोलावली. वहीत काहीतरी लिहिलं. मग पेन वर करून अगदी प्रेमाने विचारलं,

"बरं. कितीने निवडून आला?"

*

साहेबांचा इतिहास एका मोठ्या खोक्यात राहतो. एका इलेक्शनचं एक कार्ड. जी पार्टी जिंकली त्या रंगाचं कार्ड. लाल, निळं, क्वचित एखादं पिवळं. त्यावर साहेबांच्या मुंगीएवढ्या अक्षरात सगळी नावं.

एकदा एसी गळला आणि सगळं पाणी त्या खोक्यात. साहेब-मॅडम बाहेर गेलेले. आता मी खाडीकाठची बाई. ओलं काही दिसलं की मला एकच ठाऊक. गच्चीवर दोऱ्या बांधल्या आणि एकेक कार्ड चिमट्याने लटकवलं. बोंबील वाळत घालतात तसे! इंग्लंडचे शंभर-सव्वाशे वर्षांचे खासदार रिफाच्या उन्हात दोन तासांत कडकडीत वाळले.

मग वारा सुटला. कार्डं गच्चीभर. एक तर पाण्याच्या टाकीखाली गेलेलं, मी झोपून काढलं. सगळी मिळाली, पण क्रम? इंग्रजी आकडे मला येतात, पण मुंगीएवढे कोण वाचणार! मी आपली रंगाने लावली. निळ्यांचा गठ्ठा, लाल गठ्ठा, पिवळी दोन. टेबलावर मांडून ठेवली आणि चहा टाकला.

साहेब आले. टेबलाकडे बघत उभे. निळा गठ्ठा वीतभर उंच. लाल गठ्ठा बोटभर.

मी म्हटलं, "साहेब, चूक झाली. पगारातून कापा."

साहेब मटकन खुर्चीत बसले.

"जुबेदा, पन्नास वर्षं मी हे लिहितोय. पण आमची हालत इतकी वाईट आहे, हे मला आज दिसलं!"

*

तिकडचे निकाल आमच्या पहाटेनंतर लागतात. मी फजरची नमाज पढून किचनमध्ये येते, तर साहेब कोट घालून टीव्हीसमोर बसलेले. घरात! कोट! मॅडम बुद्धीच्या बाई. त्या इलेक्शन आलं की दोन दिवस झल्लाकला, समुद्रावरच्या हॉटेलात जाऊन राहतात.

एका खेपेला मी चहा घेऊन गेले, तर स्टेजवर सगळे उमेदवार ओळीने उभे. सुटातला एक माणूस, निळ्या झग्यातली एक बाई, आणि शेजारी एक कोंबडा. चोच, तुरा, पिवळे पाय, सगळं.

"साहेब, हा कोण?"

"उमेदवार."

"माणूस आहे ना आत?"

"अर्थात. दर खेपेला उभा राहतो."

"मतं पडतात?"

"दोनशे-तीनशे पडतात."

तेवढ्यात निकाल आला. निळी बाई जिंकली, साहेबांचा लाल माणूस पडला. मला वाटलं आता खुर्च्या उडणार. कसचं काय! लाल माणसाने बाईचा हात हातात घेतला, मुबारक केलं. आणि कोंबड्याने लाल माणसाच्या पाठीवर पंख ठेवला. कॅमेऱ्यासमोर! कोणी हसलंही नाही.

साहेब डोळे पुसत म्हणाले, "बघ जुबेदा. ही आमची लोकशाही."

मी म्हटलं, "साहेब, आमच्याकडे इलेक्शनला कोंबडी खायला घालतात. तुमच्याकडे उभी करतात!"

*

जेवणघरात भिंतीवर मतदारसंघाचा नकाशा आहे. त्याची काच मी रोज पुसते. मला आता बहरीनपेक्षा तो जास्त पाठ आहे. इथे नदी, इथे चर्च, इथे साहेबांच्या बापाचं घर, समोर दारूचं दुकान.

एक दिवस साहेब जेवायला येईनात. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "सोड, त्यांचा पब गेला."

"जळला?"

"नाही. दुसऱ्या मतदारसंघात गेला."

दुकान चालत गेलं? मग साहेबांनीच लाल पेन घेऊन समजावलं. तिकडे एक कमिशन आहे. माणसं कमी-जास्त झाली की ते येतं आणि नकाशावरची ओळ पुन्हा काढतं. ह्या वेळी ओळ नेमकी त्यांच्या रस्त्याच्या मधोमध आली. घर आत राहिलं, समोरचा पब बाहेर गेला.

"म्हणजे साहेब, पब आहे तिथेच आहे?"

"आहे तिथेच."

"दारू मिळते?"

"मिळते."

"मग आपण जेवत का नाही?"

साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच ती ओळ काढून आले आहे.

"जुबेदा, माझे वडील त्या पबमध्ये लाल पार्टीची पत्रकं वाटायचे. आता त्या पबमधला माणूस कुणाला मत देईल, ते माझ्या इतिहासात येणारच नाही!"

दोन दिवस नुसत्या सुपावर राहिले. मी अजून विचार करते. खाडी सरकते, वाळू सरकते, ते समजतं. पण पेनाच्या ओळीसाठी उपास?

*

त्याच सुमाराला तिकडचा कायदा बदलला. पंधरा वर्षांची अट गेली. बाहेर कितीही वर्षं राहा, मत तुमचं! साहेब किचनमध्ये येऊन नाचले. खरंच नाचले. माझ्या हातात पीठ, आणि मला धरून एक गिरकी घेतली. मी ओरडले, "साहेब, कंबर!"

मत पोस्टाने येणार होतं. साहेबांनी भरून परत पोस्टाने पाठवायचं. रोज ड्रायव्हरला पोस्टाच्या पेटीवर धाडायचं, रोज तो हात हलवत यायचा. "मफी, साहेब. आजपण काही नाही." पंधरा दिवस मफी.

लिफाफा आला तेव्हा तिकडचा निवडून आलेला माणूस भाषण करून, हार घालून, घरी जाऊन झोपलासुद्धा होता.

साहेबांनी तरी तो उघडला. टेबलाशी नीट बसून लाल माणसासमोर फुली केली. घडी घातली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आता हे कुठे टाकू?"



*

आता गेल्या वर्षीचं. तिकडच्या खासदाराने मध्येच राजीनामा दिला आणि त्या एका जागेचं इलेक्शन परत लागलं. साहेब म्हणाले, पोस्टावर भरवसा नाही. आता माझ्या वतीने तिथला दुसरा माणूस पेटीपाशी जाऊन माझं मत टाकेल.

मी म्हटलं, "दुसरा माणूस? तुमच्या नावावर?"

"हो. कायदेशीर आहे."

"आमच्याकडे त्याला पोलीस धरतात, साहेब!"

पण माणूस आणायचा कुठून? साहेबांच्या वहीत दोस्तांची नावं होती. एकेकाला फोन लावला. एक वारला होता, दुसरा वारला होता, तिसऱ्याला साहेब कोण ते आठवेना. शेवटी एकच नाव उरलं. इडिथबाई, साहेबांची मोठी बहीण. त्याच गावात, बापाच्याच घरात राहते. सत्त्याऐंशी वर्षांची. आणि हाडाची निळी! बाप मेल्यावर तिने अंगणात निळ्या पार्टीचा बोर्ड लावला, तेव्हापासून भाऊ-बहीण बोलत नव्हते. वीस वर्षं!

साहेब म्हणाले, "तिच्या हातात माझं मत? त्यापेक्षा कोंबड्याला देतो."

"मग बसा इतिहास लिहीत," मी म्हटलं. "पुढच्या इलेक्शनला तुम्ही असाल काय? ती असेल काय?"

मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. मी मॅडमकडून नंबर घेतला आणि फोन लावला. स्पीकरवर टाकला. माझं इंग्लिश तुम्हाला ठाऊक आहे.

"मॅडम, गुड मॉर्निंग. आय जुबेदा, बहरीन. युअर ब्रदर वॉन्ट व्होट. ही ओल्ड. यू ऑल्सो ओल्ड. फिनिश फाइट. खलास!"

पलीकडे काहीच नाही. मला वाटलं, म्हातारी गेली. मग खुसखुस ऐकू आली. हसत होती.

"तू कोण?"

"कुक."

"तो जेवतो नीट?"

"इलेक्शन नसलं की जेवतो."

"त्याला सांग, कागद पाठव. मी जाईन."

साहेब खिडकीकडे तोंड करून उभे होते. कान लाल झाले होते, पार्टीसारखे.

इलेक्शनच्या दिवशी साहेबांनी सकाळपासून कोट घातलेला. मॅडमसुद्धा ह्या खेपेला झल्लाकला गेल्या नाहीत. मी भात दोनदा करपवला. चौदा वर्षांत पहिल्यांदा! सत्त्याऐंशीची बाई, हातात काठी, घरापासून मतदानाच्या शाळेपर्यंत चालत जायचं, एक आपलं मत टाकायचं आणि एक भावाचं. एक निळं, एक लाल. गोंधळली तर? पडली तर? मी दोन रकात जादा नमाज, नफील, पढून घेतली. इंग्रजांच्या इलेक्शनसाठी! हमीदाला सांगितलं नाही.

दुपारी फोन वाजला. साहेब कोट सावरेपर्यंत बटण मी दाबलं. स्पीकर.

"हॅरी?"

वीस वर्षांनी तो आवाज त्यांच्या नावाने बोलला.

"इडिथ. गेली होतीस?"

"जाऊन आले. पाऊस होता."

"दोन्ही मतं टाकलीस?"

"दोन्ही टाकली. कागद हाताने पेटीत ढकलला मी."

साहेबांनी डोळे मिटले. मॅडमनी त्यांचा खांदा धरला. मी "अल्हम्दुलिल्ला" म्हटलं. मग साहेबांनी अगदी हळू विचारलं,

"माझं लालला टाकलंस ना?"

पलीकडे म्हातारीने चहाचा घोट घेतला. आम्हाला ऐकू आला.

"हॅरी," ती म्हणाली, "मतदान गुप्त असतं."

आणि फोन ठेवला.