मलमकाकांची साक्ष

आमच्या काकांना सगळी गल्ली मलमकाका म्हणायची. लष्कराच्या दवाखान्यात ते एकवीस वर्षं कंपाउंडर होते. कुणाचं पोर धडपडलं की आधी काकांकडे, मग डॉक्टरकडे. हात इतका हलका की जखम धुताना पोरं रडायचीसुद्धा नाहीत. बाकी माणूस भित्रा. वरच्या माणसासमोर तर पार शेळी. काकू म्हणायची, "यांना साहेबाने विहिरीत उडी मार म्हटलं, तर हे विचारतील, चप्पल काढू की राहू देऊ?" आम्ही पोट धरून हसायचो. आता नाही हसू येत.

लढाईच्या वर्षी त्यांना कैद्यांच्या छावणीवर पाठवलं. तिथे काम एकच. चौकशीच्या खोलीतून माणूस बाहेर आणला की त्याला पुसायचं, पट्ट्या बांधायच्या आणि परत आत नेण्याजोगा आहे की नाही ते सांगायचं. एका ट्रक ड्रायव्हरला तीन दिवस उभं ठेवलं होतं. पाय सुजून नुसते भोपळे. दारूगोळा कुणाकडे लपवलाय, एवढंच त्याला विचारत होते. त्याने आठ नावं दिली. जवान धावत गेले, तर एक त्याचा शाळेतला मास्तर निघाला, एक केव्हाच मेलेला, बाकीची माणसं जगात नव्हतीच. काका त्याचे पाय धूत होते तेव्हा मात्र तो न विचारता म्हणाला, "मी पीठ वाहतो हो. पिठाची पोती." नंतर कळलं, तेवढंच खरं होतं.

तेवढ्यात चौकशी करणाऱ्या साहेबाने दारातून मान आत घातली. "काय, चालेल ना?"

"चालेल," काका म्हणाले.

त्याला परत आत नेलं. दुपारच्या जेवणाआधीच तो गेला.

सतरा वर्षांनी चौकशी समिती बसली आणि काकांना साक्षीचं बोलावणं आलं. मी वकिलाकडे टायपिंग करते. शब्दांत फट कुठे असते ते मला पक्कं ठाऊक. काकांनी माझ्यापासून काही लपवलं नाही. "साहेब काय विचारतोय ते मला कळलं होतं गं. नाही म्हणायला जीभच उचलली नाही."

आणि मी शहाणीने त्यांना वाट दाखवली. "काका, तुम्ही पायांनाच पट्टी बांधत होतात ना? मग तुम्हाला वाटलं, साहेब पायांचं विचारतोय. हा माणूस चालू शकेल का, असं. तुम्ही म्हणालात, चालेल. यात खोटं काय?"

"सगळंच," काका म्हणाले. पण माणूस घाबरलेला, आणि पुतणी शिकलेली. आठवडाभर मी त्यांना पढवलं.

समितीपुढे ते एका दमात बोलले. एक सदस्य तर मान डोलवत होता. सापही मेला आणि काठीही मोडली नाही, म्हणून मला मेलीला आनंद झाला.

बाहेर व्हरांड्यात एक बाई थांबली होती. ड्रायव्हरची बायको, आत बसून साक्ष ऐकलेली. तिने काकांचे दोन्ही हात धरले.

"इतकी वर्षं वाटायचं, तिथे त्यांचं कुणीच नव्हतं," ती म्हणाली. "निदान एका माणसाला तरी वाटलं होतं, हे बरे होऊन चालतील म्हणून. तुमचे उपकार कसे फेडू?"

"चला, उशीर होतोय," म्हणत मी काकांना कोपराला धरून जिन्यापर्यंत आणलं. कसला उशीर होत होता, देव जाणे.

जिन्यात ते थांबले. "परत जाऊ या. तिला खरं सांगू या."

"राहू द्या काका. तिला बरं वाटलंय."

"म्हणून तर," काका म्हणाले.

मी त्यांना रिक्षात बसवलं.

काकांना जाऊन चार वर्षं झाली. शेवटच्या आजारात त्यांनी दोनदा विषय काढला आणि दोन्ही वेळा मी तेच उत्तर दिलं. समितीच्या कागदांतला त्या बाईचा पत्ता मला पाठ आहे. अजून पत्र टाकलेलं नाही.