पूर सोडून बाकी सगळं

तलवाड्याच्या पलीकडं, गोदावरीच्या काठाला कडूबाईचं घर. विटांच्या दोन खोल्या, वर पत्रे, पुढं शेळ्यांचं वाडगं. ही जागा तिच्या नवऱ्यानं, मुंजाजीनं पसंत केली होती. जनावरांना पाणी जवळ पाहिजे, म्हणायचा. पाणी इतकं जवळ येईल हे काही त्याला सुचलं नाही, आणि सुचायच्या आत तो गेला. मागं राहिल्या शेळ्या, कडूबाई, आणि वाळूजला कंपनीत कामाला असलेला लेक सोमेश्वर.

त्या वर्षी ऐन नवरात्रात वरचं धरण सुटलं आणि नदी घरात शिरली. देवीपुढचा घट आधी तरंगत गेला. हाताला लागली तेवढी दावी कडूबाईनं कापली. त्या शेळ्या पोहून टेकाला लागल्या. मग पाणी कमरेच्या वर आलं. ती कॉटवर चढली, कॉटवरून धान्याच्या कोठीवर, आणि पत्र्याला डोकं टेकून बसून राहिली. वाडग्यात अडकलेल्या शेळ्या एकेक करत गप झाल्या, ते तिनं वरून ऐकलं. होडी आली तेव्हा तिच्या काखेत एक करडू होतं. होडीवाल्यानं आधी करडू घेतलं, मग तिला.

"त्याला बी कळलं, कोण कामाचं हाय," असं ती पुढं हसून सांगायची. हसायची, पण त्या घरात तिला झोप येईना. कोठीवर मांजर जरी चढलं तरी दचकून उठायची. तिच्या मनात एकच होतं: आता इथं राहायचं नाही. लेकानं वाळूजला न्यावं, नाहीतर टेकावर राहणाऱ्या चंद्रभागाबाईची एक खोली रिकामी होती, ती बघून द्यावी. पण हे लेकानं म्हणावं. आपण होऊन पोराला 'मला ने' म्हणायला तिची जीभ उचलत नव्हती.

दिवाळी आली. भिंतीवर पुराच्या गाळाची रेघ होती, पार खांद्याला लागेल एवढी उंच. वर्षाचा सण, लक्ष्मी काय गाळ बघायला येणार? तिनं भिंती घासल्या, चुना मारला, रेघ गेली. आणि कॉटखाली एक गाठोडं बांधून ठेवलं. त्यात वाकळ, दोन लुगडी, मुंजाजीचा फोटो.

भाऊबीज झाली तसा सोमेश्वर गेवराईच्या विमा एजंटाला घेऊन आला. शिवशंकर नाव त्याचं, गाडीवरून उतरल्या उतरल्या घरावरून नजर फिरवणारा.

"माय, घराचा विमा काढू," सोमेश्वर म्हणाला. "म्हंजी तुला घोर न्हाई अन मला बी न्हाई."

"दोन परकार हायत, मावशी," शिवशंकर म्हणाला. "एक नुसत्या घराचा. दुसऱ्यात भांडीकुंडी, कपाट, टीव्ही, सगळं आलं."

"टीव्ही तर नदीनं नेला. आता तीच बघत आसंल," कडूबाई म्हणाली.

शिवशंकरनं पांढऱ्या भिंतीवरून हात फिरवला. "लई चकाचक ठिवलंय. पाणी कुठवर आलतं?"

"वसरीपर्यंत," सोमेश्वर पटकन म्हणाला.

कडूबाईनं लेकाकडं बघितलं. तिला वाटलं, आता बोलावं. खरं ऐकून हा माणूसच म्हणेल, हे घर राहायच्या लायकीचं नाही. मग सोमालाही 'चल माय' म्हणावं लागेल. ती उठली, भिंतीपाशी गेली आणि खांद्याएवढ्या उंचीला तळहात टेकवला. चुना हाताला लागला.

"हितवर आलतं. चुन्याखाली हाय."

"कावून बोलतीस मधी?" सोमेश्वर पुटपुटला.

"बोलल्या ते बरं झालं," शिवशंकर म्हणाला. "खोटं लिहिलं आसतं तर पुढं काईच मिळालं नसतं. पर आता पुराचं लई महाग पडंल. काढतेत का न्हाई तेबी विचारावं लागंल."

सोमेश्वर बराच वेळ नदीकडं बघत राहिला. कडूबाई त्याच्या तोंडाकडं. गाठोड्याची गाठ तिला इथून दिसत होती.

"मंग पूर सोडून बाकीचं करा," तो म्हणाला. "आग, वीज, चोरी. काईतरी केल्यालं बरं."

"करतो. एक ध्यानात ठिवा, घर महिना महिना बंद ऱ्हायलं तर चालत न्हाई. कुणीतरी ऱ्हात आसलं पाहिजे."

"त्याची काळजी नगं," सोमेश्वर म्हणाला. त्याचा चेहरा पहिल्यांदाच मोकळा झाला होता. "माय हाय की."

कडूबाई चहा ठेवायला आत गेली. साखर जरा जास्तच पडली.

सोमेश्वर गेल्यावर तिनं गाठोडं सोडलं, फोटो परत खिळ्याला लावला. पण पुढच्या पावसाळ्याच्या आधी शेळ्या मात्र टेकावर चंद्रभागाबाईच्या अंगणात नेऊन बांधल्या. दिवसभर तिथं त्यांचं करायची आणि दिवे लागायच्या वेळी खाली घरी यायची.

श्रावणात नदी फुगलेली दिसायला लागली, तेव्हा चंद्रभागाबाईनं तिचा पदर धरला.

"शेळ्या वर अन तू खाली. ही कसली रीत, बाई? ऱ्हा की हितंच."

"शेळ्यांचा इमा न्हाई ना," कडूबाई म्हणाली, आणि पदर सोडवून उताराला लागली.