रायरूंच्या फाटकासमोरची हलगी

रायरूंनी नुसती मान हलवली आणि त्यांच्या गड्यानं तांब्याभर पाणी माझ्या हलगीवर ओतलं. ओलं कातडं वाजत नाही, एवढं त्या शिकल्यासवरल्या घराला बरोबर ठाऊक होतं. मी बंगल्याच्या मागं, गोठ्यापाशी उकिडवा बसलेलो. पुढच्या फाटकातनं मला आत घेतलं नव्हतं. आमची जात मांग. देश स्वतंत्र होऊन दहा वर्षं उलटली होती, पण बेंगळुरातल्या बसवनगुडीच्या त्या फाटकाला ते कुणी कळवलं नव्हतं.

रायरू म्हणजे बडं प्रस्थ. रेशमाची गिरणी, दोन मोटारी, देवळाच्या सभेत पहिली खुर्ची. सरकारचा कर मात्र वर्षानुवर्षं भरला नव्हता. शेवटी सरकार कोर्टात गेलं आणि बंगल्यावर जप्ती आली. जप्तीला कोर्टाचा अमीन कागद घेऊन जायचा, बरोबर हलगीवाला. हलगी वाजवून माणसं गोळा करायची, मग ओरडून सांगायचं, हे घर जप्त झालंय, कुणी विकत घेऊ नये, गहाण ठेवून घेऊ नये. हलगी वाजली असं अमीन कागदावर लिहायचा आणि खाली मी अंगठा द्यायचा. हे काम आधी माझ्या बापानं केलं, बापामागं मी. बाप निपाणीकडनं बेंगळुराला आला तेव्हा त्याची सगळी इस्टेट म्हणजे ही हलगी.

आणि गंमत बघा, रायरूंच्या घरात मराठीच बोलायचे. पिढ्यानपिढ्या इथं राहून कन्नड मिसळलेली, पण मराठी. मला वेड्याला वाटलं, भाषा एक म्हणजे माणूस जरा बरा वागेल. म्हणून लांबनंच म्हणालो, "नमस्कार करतो, यजमान." त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. अमीनाला म्हणाले, "ह्याला गोठ्याकडं न्या."

पाणी ओतून झाल्यावर मात्र ते मागच्या व्हरांड्यात येऊन माझ्याशी बोलले.

"आपल्या भाषेतला आहेस. घराचा आब राख."

कर भरायच्या वेळी कुठं गेला होता तो आब, कोण जाणे.

अमीन खुर्चीत बसून त्यांची कॉफी पीत होता. मला पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही. विचारायचं ते हलगीवर ओतून झालं होतं. अमीनानं कागद पुढं केला. "स्वल्प हळू वाजव. इथंच दोन काड्या मार, अंगठा दे, झालं काम."

स्वल्प हळू.

हेच शब्द मी पंधरा दिवसांपूर्वी ऐकले होते. कब्बनपेटेत, एका विणकराच्या दारात. त्याचाही कर थकलेला, रायरूंच्या मानानं चिमूटभर. त्याच्या एका खोलीच्या घरावर जप्ती. त्याची बायको दाराआडनं मला म्हणाली, "अण्णा, स्वल्प हळू वाजव. शेजारी बघतायत." मला अण्णा म्हणाली ती. आणि हाच अमीन माझ्यावर खेकसला होता, "जोरात वाजव, तीन गल्ल्यांत ऐकू गेलं पाहिजे." रोज बुडेल म्हणून मी जोरात वाजवली. गर्दी जमली. पोरं नाचली. ती बाई तोंडात पदर कोंबून मटकन खाली बसली. मी अंगठा दिला, घरी गेलो आणि पोटभर जेवलो. ही माझी शरम. ती मी दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालणार नाही.

ओल्या कातड्यावरनं हात फिरवताना ते सगळं डोळ्यापुढं आलं. विणकराच्या तोंडाला काळं फासायला मी चालत होतो. इथं मात्र ह्यांना मलाच गोठ्याआड लपवायचं होतं. थू असल्या कामावर, आणि ते करणाऱ्या माझ्यावरही.

मी उठलो. "कातडं थंड पडलंय. शेकायला लागेल," म्हणालो. अमीनाला वाटलं, तिथंच गोठ्यापाशी शेकेन. मी वळसा घालून रस्त्यावर आलो. रायरूंच्याच माडाच्या वाळक्या झावळ्या कुंपणापाशी पडल्या होत्या. त्या पुढच्या फाटकासमोर रचल्या आणि काडी लावली. हलगी शेकायला वेळ लागतो, घाई केली की कातडं फाटतं. मी घाई केली नाही. धूर चढला तशा समोरच्या बंगल्यांच्या खिडक्या उघडल्या. दूधवाला सायकल टेकवून उभा राहिला. मी मधनंमधनं टिचकी मारून बघत होतो. आधी भदभद आवाज आला, मग कातडं हळूहळू ताणलं.

अमीन धावत आला. "डोकं फिरलं का तुझं? उद्यापासून कोर्टाची पायरी चढायची नाही."

"उद्याचं उद्या. हलगी वाजवा असं तुमच्या कागदात लिहिलंय का नाही?"

लिहिलेलं होतंच, आणि ऐकायला माणसंही उभी होती.

मी वाजवली. विणकराच्या दारात वाजवली होती तेवढीच, रतीभर कमी नाही. मग कन्नडात ओरडलो, कर थकवणाऱ्याचं हे घर जप्त. नाव घेतलं. पुढं श्री नाही, मागं राव नाही. विणकराचं असंच घेतलं होतं. एव्हाना पुढच्या व्हरांड्यात आलेले रायरू तोंड फिरवून आत गेले. आणि मी अमीनाकडं अंगठ्यासाठी कागद मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या दारात नवा हलगीवाला उभा होता, आमच्यातलाच. मी त्याला म्हणालो, "मागच्या दारी बसू नको." तो म्हणाला, "पोट आहे दादा." मलाही होतं.

रायरूंच्या वकिलानं बंगला सोडवून घेतला असं कानावर आलं. सोडवणारच. विणकराचं घर लिलावात गेलं. मी माफी मागायला गेलो तर दाराला दुसऱ्याचं कुलूप होतं.

त्यानंतर मी विटा वाहिल्या, गटारं खणली. हलगी खुंटीला आहे. बायको म्हणते, विकून टाक. विकणार नाही. पण हळू की जोरात, हे आता मला कुणी सांगायचं नाही, कोर्टानंसुद्धा नाही. कुणाच्या मागच्या दारी मी बसणार नाही, आणि त्या बाईसारख्या कुणाच्या दारात ही हलगी पुन्हा वाजणार नाही. पोट जळलं तरी नाही.