वहिनीची बारावी

रत्नागिरीतल्या एका कॉलेजात मी प्रवेशाच्या खिडकीवर बसते. त्या जुलैत बी.ए.च्या पहिल्या वर्षाची रांग जिन्यापर्यंत गेली होती, आणि त्या रांगेत, आपल्या मुलीएवढ्या पोरींच्या मध्ये, माझी वहिनी उभी होती. "घरीच दे कागद, मी करते सगळं," असं मी तिला दोनदा म्हटलं होतं. ती म्हणाली, "नको. मला रांगेत उभं राहायचंय."

वहिनीचं माहेर हर्णे. अकरावीत असताना तिची आई अंथरुणाला खिळली आणि कॉलेज सुटलं. पुढे लग्न होऊन आमच्याकडे भाट्याला आली. दादा मासेमारीच्या बोटीवर तांडेल, म्हणजे खलाशांचा प्रमुख, आठ-आठ दिवस समुद्रात. मी लग्न केलं नाही, त्यामुळे घरात आई, वहिनी, तिची मुलगी आणि मी. मुलगी दहावी पास झाली त्या दिवशी पेढे वाटून झाल्यावर वहिनी मला मागच्या पडवीत म्हणाली, "आता ती माझ्या पुढे जाणार. चांगलंच आहे गो. पण मला पण जायचंय."

ऑनलाइन बारावीची जाहिरात तिनेच मोबाईलवर शोधली. घरी बसून अभ्यास, घरी बसून परीक्षा, एका वर्षात प्रमाणपत्र. तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. "तू कॉलेजात असतेस. बघ, चालेल ना हे?"

मी डबा भरत होते. वेबसाइट उघडली. वर मोठा शिक्का होता, खाली 'मान्यताप्राप्त' असं चार ठिकाणी लिहिलं होतं. ज्या कॉलेजांनी तिथल्या मुलांना प्रवेश दिला त्यांची यादीही होती. पाच मिनिटं बघितलं असेल. "चालेल," मी म्हटलं आणि बसला निघाले.

त्या पाच मिनिटांचा हिशेब मला अजून लागत नाही. दुसऱ्या कुणाचे कागद मी असे सोडले नसते.

वहिनीने मात्र अभ्यास खरा केला. दुपारी आई झोपली की ती व्हिडिओ लावून वहीत उतरवून घ्यायची. भूगोल तिचा आवडता. दादा आला की त्याला वाऱ्यांबद्दल विचारायची आणि पुस्तकातलं त्याच्याशी ताडून बघायची. परीक्षेच्या दिवशी खोलीचं दार लावून, मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून बसली. आई चुकून दार ढकलून आत आली, तर मोबाईलच ओरडला, दुसरी व्यक्ती दिसते म्हणून. आई घाबरून बाहेर आली आणि मला म्हणाली, "तो मेला माझ्यावर का खेकसतो?" पेपर संपल्यावर वहिनी आणि मी तोंडावर पदर-ओढणी धरून हसलो. तिच्या ग्रुपवरचे बरेचजण उत्तरं एकमेकांना पाठवायचे, हे तिने मला नंतर सांगितलं. तिने कुणाची घेतली नाहीत.

तर त्या जुलैत मी तिचे कागद घेतले. दुसऱ्या मंडळाची मुलं आली की आम्ही तात्पुरता प्रवेश देतो आणि कागद पात्रतेसाठी विद्यापीठाकडे पाठवतो. तिचेही पाठवले. वहिनी वर्गात जाऊ लागली. पहिला आठवडा साडी, मग पंजाबी ड्रेस. दुपारच्या सुट्टीत माझ्या खिडकीवरून जाताना ती थांबायची नाही, नुसती मान हलवायची, इतर पोरींसारखी. घरी आल्यावर मात्र बोलणं संपायचं नाही. भूगोलाच्या सरांनी नकाशावर समोच्च रेषा शिकवल्या तेव्हा तिने आमच्या मागच्या टेकाडाच्या रेषा काढल्या आणि आईला दाखवल्या. आई म्हणाली, "हे टेकाड आहे होय? मला वाटलं कांदा कापलास."

सप्टेंबरच्या एका सोमवारी पात्रतेचा गठ्ठा परत आला. वहिनीच्या अर्जावर एकच ओळ होती. सदर मंडळाच्या मान्यतेबाबत पुरावा सादर करावा.

अशा ओळी मी शेकड्यांनी पाहिल्या आहेत. विद्यार्थ्याला बोलवायचं, ओळ दाखवायची, सही घ्यायची. मी तो कागद खणात ठेवला.

त्याच दुपारी त्या ऑनलाइन मंडळाच्या हेल्पलाइनला फोन केला. पलीकडचा माणूस फार गोड बोलला. "मॅडम, आमचं सगळीकडे चालतं. काही लोकांनी मुद्दाम वाद उभा केलाय, मॅटर कोर्टात आहे." मान्यता कुणी दिली, म्हणून विचारलं तर त्याने एका परिषदेचं नाव सांगितलं. मी त्या परिषदेची वेबसाइट उघडली. पत्ता मंडळाचाच होता. तीच इमारत, तोच मजला, फक्त खोलीचा नंबर पुढचा.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या वेबसाइटवरच्या यादीतल्या, परराज्यातल्या एका कॉलेजला फोन लावला. तिकडचा क्लार्क माझ्यासारखाच असावा. म्हणाला, "घेतलेत दोन-तीन विद्यार्थी. आमच्या विद्यापीठाने अजून विचारलेलं नाही." मी म्हटलं, "आणि विचारलं तर?" तो म्हणाला, "तेव्हा बघू."

बुधवारी अर्धी रजा टाकून बोर्डाच्या कार्यालयात गेले. तिथल्या अधिकारी बाईंनी मान्य मंडळांची यादी काढून माझ्यापुढे ठेवली. मी वरून खाली बोट फिरवलं, मग खालून वर.

"नाहीये त्यात," त्या म्हणाल्या.

"मॅटर कोर्टात आहे म्हणतात."

"असेल. म्हणून समकक्षता देता येते का? निकाल त्यांच्या बाजूने लागला तर या." मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तुमची कोण?"

"वहिनी."

त्यांनी यादी परत फाईलला लावली.

बसने परत निघाले. बसायला जागा होती तरी मी उभीच राहिले. तीन दिवस मला जेवण गेलं नव्हतं. आईने विचारलं तर पित्त झालंय म्हणाले.

घरी वहिनी मोरीपाशी बसून बांगडे साफ करत होती. मी शेजारी बसले आणि सांगून टाकलं. विद्यापीठाची ओळ, फोन, पत्ता, यादी, सगळं. तिचे हात थांबले नाहीत. शेवटचा बांगडा धुऊन तिने ताटात ठेवला, मग विचारलं, "तुला कधी कळलं?"

"सोमवारी."

"म्हणजे आज पण मी वर्गात बसले, नि तुला ठाऊक होतं."

"काही मार्ग निघतो का ते बघत होते."

"मला सांगून बघायचंस ना." ती उठली, हात धुतले. "नि तेव्हा तूच बघून चालेल म्हणालीस. मी दुसऱ्या कुणाला विचारलं पण नाही."

ती रडली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

प्रवेश रद्द झाल्याचं पत्र मलाच टाईप करायचं होतं. सहकाऱ्याकडे देता आलं असतं, पण दिलं नाही. पत्र हातात पडेपर्यंत वहिनी रोज वर्गात गेली. भूगोलाच्या सरांनी तिला यापुढेही वर्गात येऊन बसायला सांगितलं होतं, हजेरी नसली तरी. ती म्हणाली, "नाव नाही तिथे नाही बसणार, सर."

पुढे काय करायचं ते मी एका कागदावर लिहून ठेवलं होतं. सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे कॉलेजात न जाता बाहेरून राज्य मंडळाची बारावी. तो कागद तिच्या पुस्तकांत ठेवायचा की हातात द्यायचा, यात माझे चार दिवस गेले. तेवढ्यात दादा बोटीवरून आला आणि जेवताना सहज म्हणाला, "हिचा सतरा नंबर भरून आलो आज." ती दुसऱ्या एका ज्युनिअर कॉलेजात गेली होती, माहिती काढली होती, फॉर्म भरला होता. मला न विचारता. मी आमटी वाढून घेतली आणि "बरं झालं" म्हटलं.

फेब्रुवारीत तिने पेपर दिले, ओळीने बाकावर बसून. इंग्रजीत काठावर सुटली, भूगोलात त्याच वर्षी बारावीला बसलेल्या मुलीपेक्षा जास्त मार्क पडले. आता ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आमच्याच कॉलेजात. प्रवेशाच्या वेळी तिचे कागद माझ्या सहकाऱ्याने तपासले. गेल्या डिसेंबरात वर्गाची सहल वेळणेश्वरला गेली तेव्हा तिने आईला तिथला अंगारा आणला आणि मला किनाऱ्यावर काढलेला फोटो दाखवला. आम्ही बोलतो, हसतो, एका ताटलीत लिंबू पिळतो. पण कुठल्याही कागदाबद्दल तिने मला पुन्हा काही विचारलेलं नाही.

यंदाचे प्रवेश चालू आहेत, गेल्या आठवड्यात गुहागरकडचे एक गृहस्थ मुलीची अशीच ऑनलाइन गुणपत्रिका घेऊन आले. मंडळ वेगळं, शिक्का तसाच. मी त्यांना आत बोलावून खुर्ची दिली, मान्य मंडळांची यादी दाखवली, अजून वेळ आहे, सतरा नंबर भरता येईल, असं सांगितलं. ते ऐकून घेईनात. "त्यांनी लेखी दिलंय मान्यताप्राप्त म्हणून. तुम्हालाच द्यायचा नाही प्रवेश." मुलगी मागे उभी होती, फाईल छातीशी धरून. मी तिच्याकडे बघून पुन्हा सुरुवात केली, तेवढ्यात त्यांनी तिच्या हातातली फाईल घेतली. "चल, दुसरीकडे घेतात."

खिडकी तशीच सोडून मी त्यांच्या मागे गेटपर्यंत गेले. त्यांची मोटारसायकल वळणावर होती. मी हाक मारली, पण मुलीचं नावसुद्धा मी विचारून घेतलं नव्हतं.