गुंडीनं चावलेलं तिसरं मशीन

बाटल्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं उभं राहून मावशींचे कान गेले. एकदम नाही गेले. आधी घड्याळाची टिकटिक गेली, मग दाराची कडी, मग नवऱ्याचं पुटपुटणं, ज्याबद्दल त्यांची फारशी तक्रार नव्हती. पट्ट्यावरून बाटल्या एकमेकींवर आदळत जायच्या आणि त्या किणकिणाटात बोलायचं म्हणजे घसा फाडायचा. म्हणून तिथल्या बायका आवाज न काढता नुसते ओठ हलवायच्या. मुकादमाची नक्कल, सासवांची उणीदुणी, कुणाला कितवा महिना, सगळं ओठांवर. मावशी त्यात पटाईत होत्या. समोरच्याचं तोंड दिसलं की झालं.

मुलाला हे कधी नीट कळलंच नव्हतं. तो बस डेपोत चौकशीच्या खिडकीत बसायचा आणि घरीही खिडकीतूनच बोलल्यासारखा बोलायचा. दोन मुद्दे सांगायचे आणि पुढच्याकडे वळायचं. आईला ऐकू येत नाही ना? मग कानाचं मशीन. त्यानं ते आणलं, स्वतःच्या हातानं तिच्या कानात बसवलं आणि पोरासारखा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मावशी हसल्या. त्याच्यासाठी हसल्या.

कुत्री सुनेनं आणली होती. सून शाळेत शिकवायची. काळ्या बटणासारखं नाक म्हणून नाव गुंडी. दात येत होते तेव्हा गुंडीनं खुर्चीचा पाय, दोन चपला आणि मुलांच्या वह्यांचा एक गठ्ठा असं सगळं तपासून टाकलं होतं. सुनेनं जनावरांच्या डॉक्टरला विचारून एकेक गोष्ट मार्गी लावली. चावायला जाड दोर दिला, हिरड्यांसाठी गार ओलं फडकं दिलं, खुर्चीला कडू औषध लावलं, शाळेच्या आधी तासभर हिंडवायला लागली. मुलगा संध्याकाळी येऊन फाटकी चप्पल गुंडीच्या नाकासमोर नाचवायचा, तेही सुनेनं बंद केलं. सकाळची चप्पल आता तिच्या डोक्यात नाही, ती म्हणाली, तिला वाटतं तू घरी आलास म्हणूनच चिडलास. वर्षाची होईतो गुंडी दोराशिवाय कशाला तोंड लावेनाशी झाली.

कानाचं मशीन तेवढं सोडून. एक गेलं, मग दुसरं गेलं. दोन्ही वेळा मावशींनी सांगितलं की जरा डोळा लागला होता, तिनं कानातूनच ओढून नेलं असणार.

हे खोटं होतं. सकाळी दोघं बाहेर पडले की मावशी मशीन काढून ठेवायच्या. त्यातून माणसाचा आवाज यायचा तो पिंपात बोलल्यासारखा आणि चमचा पडला की पत्रा कोसळल्यासारखा. दिवसभर घरात बोलायला कुणी नव्हतं. मग ते ऐकायचं कशासाठी? सेलचं इवलंसं झाकण त्यांच्या आखडलेल्या बोटांना उघडत नव्हतं, म्हणून चालूच मशीन खाटेशेजारच्या स्टुलावर ठेवायचं आणि संध्याकाळी सहाच्या आत पुन्हा कानात घालायचं. पोराला वाईट वाटू नये, एवढंच.

गुरुवारी गुंडीनं तिसरं चावलं आणि मुलानं निकाल दिला. झोपलेल्या बाईच्या कानाशी तोंड नेणारं जनावर घरात नको. आज मशीन, उद्या कान. मित्राच्या गोदामावर साखळीला एक कुत्रं हवंच होतं. सून रडली, भांडली, पण कानापुढे तिलाही बोलता येईना. मावशींनी खरं सांगितलं नाही. दोन रात्री त्यांनी गुंडीला पायाशी घेऊन काढल्या.

शनिवारी मुलगा आईला आणि गुंडीला घेऊन निघाला. आधी मशीनवाला, मग गोदाम. मशीनवाल्याच्या खोलीत गुंडी बाकाच्या पायाला बांधली होती आणि मशीन त्याच्या हातात होतं, म्हणजे मावशींना आवाज कसलाच नव्हता. फक्त ओठ दिसत होते.

त्यानं फुटलेलं कवच बदललं, सेल घातला आणि मशीन ओंजळीत झाकून धरलं. मुलाच्या कपाळाला आठी पडली. गुंडी ताडकन उठली, कान उभे, मान तिरकी. मावशींना काहीच कळलं नाही. मशीनवाल्याचे ओठ सांगत होते की चालू मशीन कानाबाहेर ठेवलं की अशी बारीक शिट्टी मारतं, वरून त्याला माणसाच्या कानातल्या मळाचा वास. कुत्र्याला याहून मोठं आमंत्रण कुठलं? कानात नीट बसलेलं वाजत नाही.

"पण आई काढतच नाही ना," मुलगा म्हणाला. मग तोंड वळवून, पण पुरतं न वळवता, "वयानं विसरते थोडं. कुत्रीनंच ओढलं असणार."

त्याचा अर्धा ओठ मावशींना दिसला. तेवढा पुरला. मघापासून शेपटी हलवत मशीनकडे बघणाऱ्या गुंडीकडे त्यांनी पाहिलं.

"मी काढते," त्या म्हणाल्या. "रोज. तुम्ही गेलात की. तिनं माझ्या कानाला कधी तोंड लावलेलं नाही."

मशीनवाला उगाच ड्रॉवर उघडून काहीतरी शोधू लागला. मग त्यानं सेलच्या झाकणाला बोटात धरता येईल अशी छोटी दोरी लावून दिली आणि घट्ट झाकणाची एक डबी दिली. काढलं की आधी बंद करायचं, डबीत घालायचं, डबी फळीवर.

रस्त्यात मुलगा दोन पावलं पुढे चालत होता. त्याची पाठ काहीतरी बोलत असावी, कारण खांदे हलत होते. थोड्या वेळानं तो थांबला, वळला आणि तोंड आईसमोर आणून नीट बोलला.

"मला सांगायचं होतंस."

"तुला वाईट वाटलं असतं."

"मग आता काय बरं वाटतंय?"

 मशीन मावशींच्या पिशवीत, डबीत होतं. गोदामाचा रस्ता डावीकडे फुटत होता आणि गुंडी नवा वास घेत तिकडेच ओढत होती. मुलानं त्या रस्त्याकडे पाहिलं. मग पट्टा आईच्या हातात दिला आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवून म्हणाला, चला घरी.

गुंडीला ते ऐकू गेलं नाही. मावशींनी पट्टा ओढला तेव्हा ती वळली.