बूचने बुजवलेलं छप्पर

आमच्या गल्लीतल्या छपरवाल्याला सगळे बूच म्हणतात. नाव मी ठेवलं. ते त्याच्या बायकोच्याही तोंडी बसलं, याचा मला अजून थोडा गर्व आहे. फट दिसली की या माणसाला राहवत नाही. खिशात धाग्याला बांधलेलं कोंबडीचं पीस. कुणाच्या घरात शिरला की आधी ते खिडकीशी, दाराशी, वळचणीशी धरून बघतो. पीस हललं की तिथे काहीतरी कोंबलंच म्हणून समजा. ते निमूट लोंबकळायला लागलं की याच्या चेहऱ्यावर असं समाधान, जणू रडणारं पोर एकदाचं झोपलं. माझ्याकडे चहाला आला तरी कप तोंडाला आणि डोळा दाराखालच्या फटीला.

आमची घरं उतरत्या छपरांची. वर कौलं, खाली वासे, आणि त्याखाली माळ्यावरची खोली. थंडीत तिथे झोपायचं म्हणजे कानटोपीला पर्याय नाही. बूचने अर्ध्या गल्लीचे माळे उबदार करून दिले. वाशांच्या मधे ग्लासवूलच्या, म्हणजे काचेच्या लोकरीच्या, गाद्या बसवायच्या आणि खालून फळ्या मारायच्या. हाताला सफाई आहे त्याच्या, ते मी नाकारत नाही.

त्याची मोठी बहीण माझ्या शेजारच्या घरात राहते. आई लवकर गेली, म्हणून याला वाढवला तो ताईनेच. आता ती एकटी असते. तिचं छप्पर बूचने अगदी जीव ओतून केलं. कौलांखाली प्लास्टिक ताणलं, त्याला भिडवून सगळ्यांत जाड गाद्या ठासल्या, वळचण बुजवली, आढ्यापाशी होती नव्हती ती फट बुजवली. मग पीस धरलं. हललं नाही. ताईने त्या दिवशी गल्लीतल्या प्रत्येक बाईला वर नेऊन छत दाखवलं.

थंडी पडली आणि त्याच छतातून पाणी टपकायला लागलं. बाहेर आभाळ स्वच्छ. बूच वर चढला, एकेक कौल ठोकून पाहिलं, एकही फुटलेलं नव्हतं. खाली उतरला तो रस्त्यात उभा राहूनच सुरू झाला. दूधवाला होता, समोरची शिंपीण होती, आणि मी तर होतेच. मी कुठे नसते?

"ताई, हे छपराचं पाणी नाही, तुझं आहे. दिवसभर किटली उकळतेस, कपडे घरात वाळत घालतेस. घर आहे का लाँड्री? सगळी वाफ वर जाते आणि माझं काम नासतं."

"ताई, घरातल्या पावसात इंद्रधनुष्य दिसलं की आम्हालाही हाक मारा हं," शिंपीण म्हणाली. दूधवाला फिसकन हसला.

ताई हसली नाही. "बरं," एवढंच म्हणून आत गेली.

पुढचं मला ठाऊक आहे, कारण ते माझ्याच न्हाणीघरात घडत होतं. ताई टॉवेल आणि साबण घेऊन माझ्या दारात. "तुझ्याकडे आंघोळ करू का गं? आमच्याकडे वाफ होते." मग तिचे कपडे माझ्या दोरीवर आले. तिच्या घराच्या खिडक्या दिवसभर सताड उघड्या, आणि ही दोन शाली गुंडाळून बसलेली. माळ्यावर झोपणं सोडून स्वयंपाकघरातल्या बाकावर झोपायला लागली.

"अहो, निदान वर तरी झोपा," मी म्हटलं.

"झोपेत श्वास सुटतो ना. त्याचीही ओल धरते म्हणे."

गंमत करत नव्हती. तिला खोकला लागला. मी बूचला गाठलं. "अरे, तुझी बहीण परक्याच्या घरी आंघोळीला येते." तो म्हणाला, "थोडी कळ काढू दे, वहिनी. वाळेल."

वाळलं कसलं! फळ्या काळ्या पडल्या आणि एक चक्क पोट काढून खाली आली. तेव्हा मात्र बूचने वरून छप्पर उघडायचं ठरवलं. शिडी धरायला मी.

"वहिनी, शिडी हलवू नका."

"मी कुठे हलवतेय? तुझ्या वजनाने हलतेय ती."

एरवी यावर त्याने मला सोडलं नसतं. या वेळी वरून फक्त काहीतरी उचकटल्याचा आवाज आला. मग ग्लासवूलची एक गादी माझ्या पायाशी येऊन पडली. पाण्यात बुडवलेल्या गोधडीसारखी, जड आणि कुबट. वाशात त्याने अंगठा दाबला, तर तो लोण्यात जावा तसा आत गेला.

"काय रे, झालं काय?"

"प्लास्टिक खोलीच्या बाजूला पाहिजे होतं," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "लोकरीच्या खाली. म्हणजे वाफ लोकरीत शिरलीच नसती. आणि वर, कौलांखाली, हवा खेळती हवी. वळचणीतून आत, आढ्यातून बाहेर. दुसऱ्यांकडे गाद्या पातळ असतात, तिथे जागा आपोआप राहते. हिच्यासाठी म्हणून जाड आणल्या, आणि हवेची राहिलेली वाट हाताने बुजवली. वाफ वर जाऊन गार प्लास्टिकला लागली, तिथेच पाणी झाली. कुणाचंही घर असतं तरी झालं असतं."

"मग किटलीचं काय?"

त्याने दुसरी गादी उपसायला घेतली. मग म्हणाला, "वहिनी, तुम्हीच सांगाल का तिला?"

"मी सांगितलं तर आधी शिंपिणीला कळेल, मग दूधवाल्याला. ताईचा नंबर शेवटी."

तेवढ्यात ताईच दारात आली. त्या ओल्या गादीकडे तिने पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. वर बघून म्हणाली, "अरे, परवा मी बटाटे उकडले. झाकण जरा सरकलं होतं. त्याने झालं का रे?"

बूचचे कान लाल झालेले मला खालूनही दिसले. आढं धरून, समोरच्या कौलाकडे बघत तो म्हणाला, "ताई, तुझं काही नाही. मीच छप्पर चुकीचं केलं."

तिने अंगावरची शाल घट्ट ओढली. मग म्हणाली, "म्हणजे मी आपल्या घरात नीट राहू शकले असते."

त्याने उगाच एक कौल सरळ केलं.

"खाली उतर," ती म्हणाली. "माझ्यावर ओरडलास तेव्हा रस्त्यात उभा होतास. हेही तिथूनच सांग."

उतरला बिचारा. रस्त्याच्या मधोमध उभा राहून, बुटांकडे बघत, इतक्या हळू पुटपुटला की शिंपिणीने मशीन थांबवून खिडकीतून विचारलं, "काय म्हणालास?" तिला खरंच ऐकू आलं नव्हतं. मग त्याला सगळं पुन्हा म्हणावं लागलं, या वेळी मोठ्याने. छप्पर माझं चुकलं. ताईचा दोष नव्हता. मी तिला उगाच बोललो.

माझ्या जिभेवर नेहमी काहीतरी तयार असतं. त्या दिवशी ते गिळून मी शिडी धरायला गेले. शिंपिणीने दोऱ्याचं रीळ उगाच इकडचं तिकडे केलं. ताईने "असू दे" म्हटलं नाही, आणि बूचनेही ती म्हणेल म्हणून वाट पाहिली नाही. तो परत वर चढला. एवढ्या गाद्या काढायच्या होत्या. एकेक ओली गादी धपकन रस्त्यावर पडत राहिली, आणि खाली उभी असलेली गल्ली बघत राहिली.